याचिकेतला ‘मच्छीमार’ कोण?

गेल्या महिन्यात आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. सरकारने आपल्या मच्छीमार बांधवांच्या पोटावर पाय दिलाय, पर्ससीन नेटवरच्या जाचक अटींविरुद्ध कोर्टात जायचंय, वकिलांची फी मोठी आहे, नोकरीवाल्यांनी किमान पाच हजार द्यावेत, कौमचा सवाल आहे. खाली चाचांचा यूपीआय नंबर. अर्ध्या तासात दुबई, कुवेत, मुंब्रा सगळीकडून ‘माशाअल्लाह’ आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पडायला लागले. मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर ते सरळ मुद्द्यावर आले. “तुझ्या इंजिनीयरिंगच्या पहिल्या दोन वर्षांची फी कुठून गेली, आठवतंय ना?”

आठवतंय. पर्ससीनच्या पैशातून गेली. ज्या बोटीत चाचांचा चार आण्यांचा हिस्सा आहे, तिला त्या दोन वर्षांत बांगडा भरपूर लागला होता. तेव्हा हा लेख कुणा तटस्थ अभ्यासकाचा नाही. ज्या जाळ्याबद्दल लिहितोय त्याच जाळ्याच्या जोरावर मी रत्नागिरीच्या खाडीकाठावरून पुण्याच्या आयटी कंपनीत पोहोचलो. तरीही मी पाच हजार दिले नाहीत, आणि का दिले नाहीत ते फोनवर चाचांना नीट सांगता आलं नाही. इथे सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कधी ना कधी असाच मेसेज येणार आहे.

आता माझ्या मामूंबद्दल. मामू त्याच मोहल्ल्यात राहतात, त्याच मशिदीत जुम्मा पढतात. त्यांची छोटी होडी आहे, मागे मशीन लावलेली. ते आणि त्यांचा मुलगा गिलनेट टाकतात. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत परत, मिळेल ती मासळी मामी बाजारात नेऊन विकते. वर्गणी मागायला लोक मामूंकडेही गेले होते. मामूंनी दोनशे रुपये दिले. मी विचारलं, का दिलेत? म्हणाले, “जमातीतले लोक दारात आल्यावर नाही कसं म्हणणार?”

पर्ससीनच्या बाजूने चाललेल्या केससाठी गिलनेटवाल्याने दोनशे रुपये दिले. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांचा समुद्राशी संबंध फक्त सुरमई फ्रायपुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिलनेट म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. मासा स्वतः येऊन त्याच्या डोळ्यात अडकतो. डोळा केवढा, त्यावर केवढा मासा अडकणार ते ठरतं, लहान मासा निसटून जातो. पर्ससीनचं तंत्र वेगळं. सोनार किंवा फिशफाइंडरवर थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरते आणि शेकडो मीटर लांबीचं जाळं त्या थव्याला घेरतं. जाळ्याच्या खालच्या कडेला कड्या असतात, कड्यांतून दोर जातो. यंत्राने तो दोर ओढला की आजीच्या बटव्याची नाडी ओढावी तसं जाळं खालून बंद होतं. पूर्ण थवा आत. बांगडा, तारली असे थव्याने फिरणारे मासे एका फेऱ्यात टनावारी मिळतात. त्यात किती पिल्लं होती ते बोटीवर घेतल्यावरच कळतं, आणि तोवर ती मेलेली असतात. जी खायच्या लायकीची नसतात ती फिशमीलच्या कारखान्यात जातात.

एका बोटीवर पंचवीस-तीस खलाशी असतात. रत्नागिरीत त्यातले बरेच नेपाळहून आलेले. बोट, जाळं, यंत्रं, डिझेल, बर्फ, खलाशांची उचल असा सगळा पसारा कर्जावर उभा असतो. चाचांची झोप त्यामुळे उडते, हे मला मान्य आहे. हप्ता भरायला बोटीला मासा लागतो आणि मासा कमी झाला की बोट आणखी मोठं जाळं मागते. मी सर्व्हरवर काम करतो. तिथे प्रत्येक क्लायंटला वाटतं की आपल्या चार रिक्वेस्टनी काय फरक पडणार, आणि सर्व्हर बसला की सगळे मिळून आम्हाला शिव्या घालतात. म्हणून आम्ही आधीच मर्यादा घालून ठेवतो. समुद्रावरचे नियम ही तशीच मर्यादा आहे. फरक एवढाच की समुद्र रीस्टार्ट करता येत नाही.

आता कायदा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, हे राज्याचं क्षेत्र. त्या पट्ट्यात कोणतं जाळं, कोणत्या महिन्यात, किती बोटींनी वापरायचं हे राज्य ठरवू शकतं. पर्ससीनबद्दल सरकारने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावर ५ फेब्रुवारी २०१६ ला आदेश निघाला. नवे परवाने बंद, असलेले टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे, आणि पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. पुढे २०२१ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. विनापरवाना पर्ससीनला एक ते सहा लाख, एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर पाच ते वीस लाख. एलईडीवर तर केंद्र सरकारनेच नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली होती. ती किती पाळली जाते ते रात्री आमच्या बंदराबाहेर उभं राहिलात तर डोळ्यांनी दिसेल, समुद्रात लग्नाचा मांडव घातल्यासारखा उजेड असतो.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. सिंधुदुर्गातले रापणवाले, गिलनेटवाले वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि समुद्रात भांडत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी मिळून ओढायचं जाळं, मासळीत ज्याचा त्याचा वाटा. थवा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला मासा मिळतो. थवा बाहेरच्या बाहेर बटव्यात गेला तर पन्नास माणसं रिकामा दोर ओढतात. कर्नाटकात सत्तरच्या दशकात पर्ससीन आली तेव्हा तिथल्या रांपणवाल्यांचं हेच झालं होतं. कोकणाला ती गोष्ट माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

बोटमालकांचं म्हणणं कोर्टात असं मांडलं जातं: संविधानाच्या कलम १९(१)(जी) नुसार धंदा करण्याचा आमचा मूलभूत हक्क आहे आणि हे निर्बंध तो मोडतात. हे वाक्य ऐकायला फार छान आहे. आपल्या समाजात तर संविधानाचं नाव घेतलं की आपण लगेच उभे राहतो, आणि राहायलाही हवं. पण त्याच कलमाचा सहावा उपखंड कुणी वाचून दाखवत नाही. सार्वजनिक हितासाठी धंद्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असं तो सांगतो. आणि मासेमारीच्या बाबतीत ‘वाजवी’ म्हणजे काय, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वीच दिलेला आहे.

केरळने आपल्या बारा मैलांच्या पट्ट्यात पर्ससीन आणि तसल्या इतर जाळ्यांवर बंदी घातली. मालक कोर्टात गेले. ‘केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी’ या खटल्यात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. त्यामागचा विचार कुणालाही कळेल असा आहे. ज्याच्याकडे मोठी बोट आहे तो बारा मैलांच्या बाहेर जाऊ शकतो. ज्याच्याकडे वल्ह्याची होडी आहे तो जाऊ शकत नाही. आतला पट्टाही मोठ्याला मोकळा सोडला तर लहान्याकडे काहीच उरत नाही, आणि त्याचाही जगण्याचा हक्क संविधानातच आहे. पुढच्याच वर्षी पावसाळ्यातल्या ट्रॉलिंगबंदीबद्दलही न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. ती बंदी केरळने १९८८ पासून घालायला सुरुवात केली होती. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि ती सगळ्यांनी पचवलीय. तेव्हाही मालक म्हणत होते की धंदा बुडेल.

या केरळच्या खटल्यांत आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. लहान मच्छीमारांची जी चळवळ तिथे उभी राहिली, तिच्या पुढे थॉमस कोचेरी यांच्यासारखे कॅथलिक पाद्री होते. आणि ज्यांच्याशी भांडण होतं त्या बोटमालकांतही ख्रिस्ती होतेच, खटल्याच्या नावातच बघा. दोन्ही बाजूंना एकाच धर्माची माणसं. ‘चर्च खतरे में’ म्हणून होडीवाल्याने गप्प बसावं असं त्या पाद्र्यांना वाटलं नाही. कारण प्रश्न कुणाचं जाळं केवढं हा होता.

आमच्याकडे मात्र मामूंनी दोनशे रुपये दिले.

मालकांचा एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळून पुढे जाणं बेइमानी होईल. बारा मैलांच्या पलीकडची मासेमारी राज्याच्या नव्हे, केंद्राच्या यादीत येते. मग बाहेर जाऊन मासे मारणाऱ्याला राज्य कसं अडवणार? तामिळनाडूच्या २०२२ च्या पर्ससीनबंदीविरुद्ध हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ जानेवारी २०२३ ला अंतरिम आदेश आला. बारा मैलांच्या बाहेर, विशेष आर्थिक क्षेत्रात पर्ससीनला परवानगी मिळाली. आमच्या ग्रुपवर हा आदेश ‘सुप्रीम कोर्टाने पर्ससीनला हिरवा कंदील दिला’ अशा मथळ्याखाली फिरतोय. पुढचं कुणी लिहीत नाही. परवानगी आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी आठला निघायचं आणि संध्याकाळी सहापर्यंत परत यायचं. नोंदणीकृत बोटच हवी आणि तिच्यावर जागा कळवणारी यंत्रणा सतत चालू हवी. आणि आतल्या बारा मैलांना त्या आदेशाने हातही लावलेला नाही. चाचांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “दोन दिवसांत डिझेलचे पैसे तरी सुटतात काय?” बरोबर आहे, कदाचित सुटत नसतील. पण मग हिरवा कंदील कुठला?

बाराच्या बाहेर काय नियम हवेत यावर कोर्टात भांडण व्हावं, त्याला माझी ना नाही. फक्त त्या भांडणाच्या आडून आतल्या पट्ट्याची केस चालवू नका. बोट बाहेर जायला परवाना मागते आणि थवा आठ मैलांवर दिसला तर तिथेच फेरा मारते, हे बंदरावरच्या पोराटोरालाही माहीत आहे. त्या सोनारला मैलांची सीमा दिसत नाही आणि हप्ता थकलेल्या मालकाला दिसली तरी बघायची नसते.

न्यू जर्सीतल्या माझ्या एका चुलतभावाने ग्रुपवर अमेरिकेची बातमी टाकली होती: तिथल्या मच्छीमारांनी सरकारला सुप्रीम कोर्टात हरवलं, आपणही हरवू. त्याच्या म्हणण्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. हेरिंग मासा पकडणाऱ्या काही बोटवाल्यांनी सरकारी नियमाला आव्हान दिलं होतं. नियम असा की बोटीवर निरीक्षक न्यायचा आणि त्याचा खर्च, जो सरकारच्याच अंदाजाने दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता, बोटवाल्याने द्यायचा. लहान बोटीला हे जड आहे, आणि कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नसताना खर्च त्यांच्या डोक्यावर का, हा सवाल रास्त होता. २८ जून २०२४ ला निकाल लागला. पण न्यायालयाने ठरवलं ते काय? कायद्यात संदिग्धता असेल तिथे सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयं मानत आली होती. १९८४ पासूनची ती पद्धतच मोडीत निघाली. म्हणजे माशांपुरतं काही राहिलं नाही. हवा, पाणी, औषधं, कामगारांची सुरक्षितता या सगळ्यांचे नियम आता कोर्टात खेचणं सोपं झालं. आणि तो निरीक्षकांच्या खर्चाचा कार्यक्रम? तो तर निकालाआधीच, २०२३ मध्ये, निधीअभावी थांबला होता आणि बोटवाल्यांना पैसेही परत मिळाले होते. त्यांचे वकील मोफत काम करत होते आणि त्या वकिलांच्या संस्थांना बड्या उद्योगपतींचं पाठबळ होतं, हे तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलं. फोटोत मात्र रबरी बूट घातलेला मच्छीमार होता.

चुलतभावाला मी एवढंच लिहिलं की तुझ्या बातमीतला फोटो कुणाचा आणि फायदा कुणाचा हे एकदा वेगवेगळं काढून बघ. त्याने अंगठा पाठवला. वाचलं की नाही, अल्लाह जाणे.

आता ज्या विषयावर लिहायला मला सगळ्यात अवघड जातंय तो. चाचांच्या मेसेजमध्ये ‘कौमचा सवाल’ हे शब्द का आले? ते उगाच आलेले नाहीत. रत्नागिरीत पर्ससीन मालकांमध्ये मुसलमान बऱ्याच संख्येने आहेत, दालदी समाजाचा समुद्राशी संबंध कित्येक पिढ्यांचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा बंदरातली अतिक्रमणं पाडली गेली तेव्हा माझ्या फोनवर जे व्हिडिओ आले, त्यात मासेमारीबद्दल एक शब्द नव्हता. जेसीबी, पडणारे पत्रे आणि मागे गाणी. बघणाऱ्याला कळावं की कुणाला धडा शिकवला जातोय. असं वातावरण असताना मत्स्य खात्याची गस्ती नौका आली तर चाचांना ती कायद्याची नौका वाटत नाही. दंड झाला तर तो जाळ्यासाठी झाला की नावासाठी, अशी शंका येते. ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. मलाही ती येते.

पण या शंकेचा उपयोग कोण करून घेतोय ते बघा. बाहेरचे म्हणतात, पर्ससीन म्हणजे मुसलमान. आमच्यातले बोटमालक म्हणतात, मुसलमान म्हणजे पर्ससीन. दोघांचं वाक्य एकच आहे आणि दोघांच्याही वाक्यात मामूंना जागा नाही. गोव्यात पर्ससीनवाले कोण आहेत? मालपे-मंगळूरला कोण आहेत? तिथे हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तिथेही रापणवाल्यांशी त्यांची हीच भांडणं आहेत. रत्नागिरीतही हिंदू पर्ससीन मालक आहेतच, याचिकेत नाव घालताना चाचांसोबत ते बसतात, तिथे कौम आड येत नाही. वर्गणीच्या मेसेजमध्येच तेवढी येते.

आणि ज्या समाजाला आज पर्ससीनचा पक्ष म्हणून उभं केलं जातंय, त्याच समाजाची दुसरी एक आठवण आहे. जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्ध साखरी नाट्याचे मच्छीमार उभे राहिले होते. प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात आलं तर मासा जाईल, खाडी मरेल, हे त्यांचं म्हणणं. १८ एप्रिल २०११ ला पोलिसांच्या गोळीबारात तिथला एक मच्छीमार गेला. तेव्हा मी शिकत होतो. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. तेव्हा आपण जगाला सांगत होतो की समुद्र कंपनीचा नाही, सरकारचा नाही, पुढच्या पिढ्यांचाही आहे. त्याच तोंडाने आज जानेवारी ते मे पर्ससीन चालू द्या असं कसं मागायचं?

मासा कमी होतोय का, यावर चाचा वाद घालतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २.०१ लाख टन मासळी उतरली, गेल्या ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. चाचा म्हणतात त्या वर्षी वादळं किती झाली बघ, बोटी बंदरातच होत्या. खरं आहे, क्यार आणि महा अशी दोन वादळं पाठोपाठ आली होती. एका वर्षाच्या आकड्यावर मी निकाल देणार नाही. प्रदूषण आहे, परराज्यातले वेगवान ट्रॉलर आत घुसतात, पाणी तापतंय. पण ही सगळी कारणं जाळं लहान करण्याच्या बाजूची आहेत. आजारी माणसाला इतर चार आजार आहेत म्हणून पाचवा चालू ठेवा असं कुठला डॉक्टर सांगतो?

मग सरकार धुतल्या तांदळासारखं आहे का? अजिबात नाही, आणि आपली ताकद लावायची असेल तर ती इथे लावावी असं मला वाटतं. २०१६ च्या आदेशाला इतकी वर्षं होऊन गेली तरी एलईडी जळताहेत. आज कुठल्या बोटीकडे कोणता परवाना आहे ही साधी यादी मला बसल्या जागी उघडून बघता येईल अशी मिळत नाही. मी आठवडाभर शोधली. असलेले परवाने कमी करायचे तर कुणाचे आधी, कशाच्या आधारावर, हे लोकांसमोर ठेवलं पाहिजे. बोटीची जागा कळवणारी यंत्रणा बसवायची आणि तिची माहिती खात्याच्या कपाटात ठेवायची याला अर्थ नाही. ती उघडी करा. आठ मैलांवर जाळं टाकणारी बोट कुणाची, हे मामूंना त्यांच्या मुलाच्या फोनवर दिसू दे. तसं झालं तर दंडाची पावती फाडणाऱ्याला नाव बघून फाडताही येणार नाही आणि नाव बघून सोडताही येणार नाही. आकडा सगळ्यांसमोर असेल. हे बनवायला रॉकेट सायन्स लागत नाही, मी आणि माझे दोन मित्र शनिवार-रविवार बसून पहिलं पान उभं करू, खात्याने माहिती तेवढी द्यावी.

आणि खलाशी. परवाना रद्द झाला की मालकाची कर्जफेड लांबते, पण खलाशाचा पगार त्याच दिवशी थांबतो. नेपाळच्या पोराला ना याचिकेत जागा, ना आदेशात. बोटी कमी करायच्या असतील तर त्या विकत घेऊन मोडीत काढण्याची आणि कामगारांना मोबदला देण्याची योजना मागितली पाहिजे. या मागणीसाठी कोर्टात जाणार असाल तर मी पाच नाही, पंधरा हजार देतो. चाचांनाही हे सांगितलं. ते म्हणाले, “बोट मोडीत काढायला तू पैसे देणार, वाचवायला नाही. वा रे पोरा!”

मला वाईट वाटलं. त्यांनी ती बोट घेतली तेव्हा दादींच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. नियमाने चाचांचं नुकसान होणार आहे आणि ते मी गोड शब्दांनी झाकणार नाही. पण ते नुकसान नियम पाळूनही सोसता येण्यासारखं आहे. त्यांच्याकडे घर आहे, बर्फाचा कारखाना आहे, दुबईत मुलगा आहे. मामूंचं नुकसान आजवर कुणी मोजलंच नाही. त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, बारावीनंतर होडीवर गेला. त्याच्या फीचे हप्ते भरायला बांगडा उरला नव्हता. मी इंजिनीयर झालो ते त्याच दोन वर्षांत.

पीडीएफ मागून घेतली मी याचिकेची. कच्चा मसुदा आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय की याचिकाकर्ते हे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे पारंपरिक मच्छीमार आहेत. मी चाचांना त्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, बोटीवरचा सोनार कितव्या पिढीने घेतला? आणि मामूंनी दिलेले दोनशे रुपये परत करा, त्यांना नीट समजावून सांगून, मग ते स्वतःहून देत असतील तर घ्या.

निळ्या खुणा आल्यात. मामींचा फोन आला होता रात्री, दोनशे रुपये परत आलेत म्हणाली. कुणी आणून दिले ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.